बेचाळीस दिवस

१९६९ सालच्या १८ जुलैला मुंबईत गोरेगावच्या राहत्या घरी अण्णाभाऊ साठे यांचं निधन झालं. त्याच वर्षी २९ ऑगस्टला शाहीर अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. मधले दिवस मोजले तर बेचाळीस भरतात.

शाहिरीच्या इतिहासात या बेचाळीस दिवसांचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. महाराष्ट्राचे दोन शाहीर एकापाठोपाठ गेले, असं लिहून लेखक पुढच्या प्रकरणाकडे वळतो. मला मात्र तिथं थोडं थांबावंसं वाटतं. ज्याच्या शब्दांना आपण वर्षानुवर्षं आवाज दिला तो माणूस गेल्यावर मागं राहिलेल्या जोडीदारापाशी काय उरतं? आणि पाठोपाठ तोही गेला, तर मग आपल्यापाशी, म्हणजे ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांपाशी काय उरतं? आजच्या बोलण्याचा विषय एवढाच आहे.

मी त्या दोघांना पाहिलेलं नाही. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी माझा जन्म झाला, इथं बीड जिल्ह्यात. पण त्यांची नावं आमच्या घरात दोन वाटांनी आली. अण्णाभाऊंचं नाव आलं ते आमच्या गल्लीमागच्या वस्तीतून. तिथं हलगी वाजवणारी घरं होती आणि ऑगस्ट महिना लागला की ती हलगी रात्रीपर्यंत ऐकू यायची. अमर शेखांचं नाव आलं मामूंकडून. मामू ऐन तरुणपणी बार्शीला गिरणीत कामाला होते.

बार्शी आणि बीड यांचं नातं जुनं आहे. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं आणि बार्शी मुंबई इलाख्यात. आमच्या बालाघाटाच्या मुलखातला माल बार्शीच्या पेठेत जायचा, आणि मालामागून माणसंही. इकडे शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती, तरी घरात जात्यावर बसलेली नानी ओवी म्हणायची ती मराठीतच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला त्याला तीन-साडेतीन शतकं होऊन गेली. सगनभाऊ शिकलगार, धर्मानं मुसलमान. त्यांच्या लावण्यांनी उत्तर पेशवाई गाजवली. तेव्हा मुसलमानानं मराठीत गाणं यात आमच्या घरी कुणाला नवल वाटत नव्हतं.

अमर शेखांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म बार्शीचा, २० ऑक्टोबर १९१६. आईचं नाव मुनेरबी. तिच्या ओव्या आणि लोकगीतं हीच या मुलाची पहिली तालीम. पुढं मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, संप, तुरुंग, असा त्यांचा प्रवास झाला. कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत असताना 'अमर शेख' हे नाव मिळालं आणि तेच कायम राहिलं.

अण्णाभाऊ शेखांहून चार वर्षांनी लहान. जन्म १ ऑगस्ट १९२०, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. मातंग कुटुंब. दुष्काळ आणि गरिबी यांना कंटाळून वडिलांबरोबर ते पायी मुंबईला आले. शाळा जवळजवळ नाहीच. पण दांडपट्ट्याचा हात बसलेला होता आणि चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात ढोलकी, तुणतुणं हाताळून झालं होतं. हे मी मुद्दाम सांगतो. अण्णाभाऊंना आपण आज 'फकिरा'चे कादंबरीकार म्हणून ओळखतो, पण त्यांचं पहिलं शिक्षण हातापायांचं होतं. पट्टा फिरवणाऱ्याला पाऊल कुठं टाकायचं हे आधी कळतं, शब्द नंतर येतो. त्यांच्या वगांतली माणसं बोलता बोलता सतत हालचाल करतात, याचं मूळ मला तिथं दिसतं.

१९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर असे तिघं. मराठीत अशा जोड्या पूर्वीही होत्या. होनाजी कवन रचायचे आणि बाळा करंजकर ते गायचे, म्हणून त्या फडाचं नावच 'होनाजी-बाळा' पडलं. वाळवा तालुक्यातल्याच रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाले, आणि त्यांची लावणी लोकांनी पाहिली ती पवळाच्या पायांतून. बापूराव ब्राह्मण, पवळा महार. बापूरावांच्या नावापुढं लोक आजही पवळाचं नाव घेतात, आणि ते बरोबर आहे. लावणी कागदावर अर्धीच असते. उरलेली अर्धी नाचणाऱ्याच्या अंगात असते.

लाल बावट्याच्या तिघांचं तसंच होतं. अण्णाभाऊ लिहीत, गातही. पण सभा ताब्यात घ्यायची ती शेखांच्या पहाडी आवाजानं. गव्हाणकर स्वतः शाहीर, शिवाय विनोदाची उत्तम जाण असलेले. अंगलटीनं अण्णाभाऊ ठेंगणे, सडपातळ. शेख भरदार. दोघं शेजारी उभे राहिले की लोक आधी त्यांच्याकडे बघत आणि मग ऐकू लागत.

मामूंनी शेखांचा कार्यक्रम बार्शीला पाहिला होता. त्या आवाजाबद्दल ते फारसं बोलत नसत, कारण त्या आवाजाबद्दल सगळेच बोलतात. ते उठून उभे राहत आणि दाखवत. पोवाड्याचा चौक सुरू झाला की शाहीर दोन पावलं पुढं येतो. डफ छातीशी. ओळ चढत जाते तसा खांदा उचलला जातो, मान मागं जाते. ओळ संपते तिथं तो एक पाऊल मागं घेतो, आणि त्याच क्षणी मागचा झीलकरी शेवटचं अक्षर उचलतो आणि 'जी जी' म्हणत पुढं सरकतो. तेवढ्यात मुख्य शाहीर श्वास घेतो. साठी उलटलेले मामू अंगणात हे करून दाखवत तेव्हा त्यांना दम लागायचा, पण पाऊल चुकायचं नाही.

पोवाड्याची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे. झील धरणारा नसेल तर शाहिराला श्वास मिळत नाही, आणि श्वास नसेल तर पुढची ओळ उभी राहत नाही. एकट्यानं कविता लिहिता येते. मी लिहितो. एकट्यानं पोवाडा मात्र करता येत नाही.

अण्णाभाऊंनी तमाशाच्या अंगातच बदल केला. जुन्या तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. त्यांनी गणातलं देवाचं नमन काढलं, त्या जागी मातृभूमीला आणि तिच्यासाठी झगडणाऱ्यांना वंदन आणलं. गवळण गाळली. म्हणजे ज्या भागासाठी प्रेक्षक पुढच्या जागा धरून बसायचे तोच भाग गेला. नाचणारी स्त्री नाही, चाळांचा आवाज नाही. मग लोक बसून का राहिले? कारण नाच गेला तरी हालचाल गेली नाही. ती सोंगाड्याच्या अंगात आली. सावकाराची चाल, पुढाऱ्याचं वाकणं, फौजदाराचं छाती काढून येणं, शेतकऱ्याचं उकिडवं बसणं, या सगळ्यातून वर्गभेद डोळ्यांना दिसायचा. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'माझी मुंबई' हे वग वाचताना संवाद साधे वाटतात. ते वाचण्यासाठी लिहिलेलेच नव्हते. ओळीओळीत सोंगाड्यासाठी मोकळी जागा ठेवलेली आहे, आणि ती कशी भरायची हे पथकातल्या माणसांना ठाऊक होतं.

स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबई सरकारनं कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशा म्हटलं की परवानगी नाही, तेव्हा 'लोकनाट्य' हे नाव पुढं आलं. आज विद्यापीठांत सन्मानानं वापरला जाणारा हा शब्द अशा अडचणीत रुजला.

त्याआधीचं एक साल मला फार महत्त्वाचं वाटतं. १९४७. फाळणीच्या दंगलींवर अण्णाभाऊंनी 'पंजाब-दिल्लीचा दंगा' लिहिला. माणसं धर्म विचारून मारली जात होती तेव्हा वाटेगावचा मातंग शाहीर त्याविरुद्ध लिहीत होता आणि त्याच्या पथकातला बुलंद आवाज बार्शीच्या मुनेरबीच्या मुलाचा होता. हिंदू-मुस्लिम ऐक्यावर व्याख्यानं खूप झाली, अजून होतात. पण एकाच व्यासपीठावर, एकाच तालावर, एकानं टाकलेली ओळ दुसऱ्यानं झेलणं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्याला स्पष्टीकरण लागत नव्हतं.

याच काळात मुंबईत आणखी एक प्रयोग चालू होता. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा, १९४३ साली स्थापन झाली. परळ-लालबागच्या चाळींत आपले शाहीर गात होते, आणि तिकडे अंधेरीत इप्टाच्या मध्यवर्ती पथकात शांती बर्धन नृत्यनाट्यं बसवत होते. ते उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रातून आलेले. एकीकडे हलगी-डफ, दुसरीकडे बॅले. पण संघटना एकच. पुढं १९४९ साली अण्णाभाऊ इप्टाचे अखिल भारतीय अध्यक्ष झाले.

शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला आणि 'रामायण' बसवलं. त्यात माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचतात. १९५४ साली क्षयानं त्यांचं निधन झालं. त्यांनी काही लिहून ठेवलं असतं तरी ते रामायण कागदावरून पुन्हा उभं करणं कठीण होतं. ते टिकलं, कारण पत्नी गुल बर्धन आणि साथीदार मागं राहिले. मुंबई, मग ग्वाल्हेर, मग भोपाळ अशी गावं बदलत त्यांनी नव्या मुलामुलींच्या अंगात त्या हालचाली उतरवल्या. गुल बर्धन २०१० साली गेल्या. म्हणजे जोडीदार गेल्यावर त्यांना पंचावन्नहून अधिक वर्षं मिळाली.

अमर शेखांना मिळाले बेचाळीस दिवस.

मधली वर्षं अर्थात साधी नव्हती. कलापथकातल्या वाटा वेगळ्या झाल्या. शेखांनी आपल्या नावाचं कलापथक चालवलं. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे कवितासंग्रह काढले. 'प्रपंच' या १९६१ सालच्या चित्रपटात काम केलं. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. अण्णाभाऊंची 'फकिरा' १९५९ साली आली, १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि परतून पुन्हा घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहू लागले. पण संयुक्त महाराष्ट्राची हाक आली तेव्हा हे सगळे पुन्हा एकाच मैदानात होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला आणि त्यानंतरची साडेचार वर्षं महाराष्ट्रातलं एकही मोठं मैदान शाहिरांशिवाय भरलं नाही. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णाभाऊंची छक्कड त्याच दिवसांतली. मुंबईला पोटासाठी आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो आणि ऐकता ऐकता ती मैना बेळगाव-कारवार होऊन जाते. शेखांच्या गळ्यातून ती छक्कड गावोगाव गेली. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला होता. आमच्याकडच्या अनेकांनी 'आपण महाराष्ट्राचे' हे आधी अशा गाण्यांत ऐकलं आणि मग कायद्यात वाचलं.

आता आजचं सांगतो. १ ऑगस्टला आमच्या जिल्ह्यात अण्णाभाऊंची जयंती मोठ्या उत्साहानं होते. मिरवणूक निघते, कमानी लागतात, पोरं नाचतात. टपाल खात्यानं २००२ साली अण्णाभाऊंचं तिकीट काढलं. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. ज्याला शाळेनं बाहेर ठेवलं त्याला जगानं हा मान दिला याचा मला अभिमान आहे, आणि त्यातलं काकणभरही कमी व्हावं असं मला वाटत नाही. त्यांच्या समाजानं त्यांना हृदयाशी धरलं म्हणून ते टिकले. नाही तर साहित्याच्या इतिहासांनी त्यांना बराच काळ तळटीपेत ठेवलं होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. २० ऑक्टोबर येतो आणि निघून जातो. मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचं अध्यासन आहे, त्यांची कन्या मलिका अमर शेख मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री आहेत, एवढं असूनही आमच्या बाजूच्या मुसलमान मोहल्ल्यांत त्यांचं नाव तरुणांना ठाऊक नाही. गव्हाणकरांना तर कुठलाच गट आपला म्हणत नाही. आपण महापुरुषांची वाटणी केली. ज्याच्या मागं ज्याची जात, त्यानं त्याचा फोटो उचलला. फोटो एकट्याचाच असतो, म्हणून मिरवणुकीतल्या अण्णाभाऊंच्या शेजारी कुणीच दिसत नाही. ज्यांचं सगळं काम एकमेकांच्या श्वासावर चाललं त्यांना आपण वेगवेगळ्या चौकांत उभं केलं आहे.

आणि वाटणीत जे कुणाच्याच वाट्याला येत नाही ते हरवतं. अण्णाभाऊंचे शब्द छापले गेले, शासनानं त्यांचं वाङ्मय प्रसिद्ध केलं. शेखांच्या कविता पुस्तकांत आहेत. पण गवळण गाळल्यावर सोंगाड्यानं ती जागा कशी भरली, शाहीर कुठल्या अक्षरावर मागं सरकला, झीलकऱ्यानं कधी पाऊल उचललं, हे दोघांच्या मधलं होतं. ते एकट्या अण्णाभाऊंचं नव्हतं आणि एकट्या शेखांचंही नव्हतं. म्हणून ते कुणाच्याच समग्र वाङ्मयात सापडत नाही. १८ जुलैनंतर ते फक्त मागं राहिलेल्या साथीदारांच्या अंगात होतं. त्यातला सर्वांत मोठा साठा २९ ऑगस्टला इंदापूरच्या रस्त्यावर संपला.

मग काहीच उरलं नाही का? थोडं उरलं आहे. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या जातात. त्यांच्या कोपींवर रात्री कधी हलगी निघते, कुणी म्हातारा पोवाड्याचा चौक धरतो आणि शेजारचा झील देतो. तो कुणाचा चौक आहे हे त्याला सांगता येत नाही. बापाकडून आला, एवढंच तो सांगतो. गावोगावच्या कलापथकांतले झीलकरी, हलगीवाले, सोंगाडे आज पंच्याहत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. बहुतेकांनी आपल्या गुरूंना पाहिलं आणि गुरूंनी त्या पिढीला. ही साखळी अजून पुरती तुटलेली नाही.

आज प्रत्येक तरुणाच्या खिशात कॅमेरा आहे. या १ ऑगस्टला मिरवणुकीतून वेळ काढून गावातल्या एका तरी म्हाताऱ्या कलावंताकडे जावं. त्याला खुर्चीत बसवून मुलाखत घेऊ नये. उभं राहू द्यावं आणि सोबत त्याचा झीलकरी हयात असेल तर त्यालाही बोलवावं. चित्रण करताना नुसता चेहरा घेऊ नये, पाय दिसले पाहिजेत. आणि २० ऑक्टोबरला तेच चित्रण गावच्या मोहल्ल्यात, शाळेत दाखवावं. दोन तारखांच्या मध्ये ऐंशी दिवस असतात. अमर शेखांना मिळाले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)